गोफर

गोफर : कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जिओमायिडी कुळातला, जमिनीखालीच जन्म काढणारा प्राणी. सुमारे ४० जाती. कॅनडापासून मेक्सिको, पनामा आणि कोलंबियाच्या वायव्य टोकापर्यंतच तो आढळतो. भारतात गोफर नाही. शेताच्या बांधात बिळे करणारी घूस उंदरांच्या कुळातली, म्हणजे वेगळीच.

नावाने मात्र घोटाळा होतो. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात ‘गोफर’ म्हणतात ते एका भूखारीला. मिनेसोटा राज्य स्वतःला ‘गोफर स्टेट’ म्हणवते, पण तिथल्या विद्यापीठाचे बोधचिन्हही अंगावर पट्टे असलेली भूखारच आहे. ही नोंद गालपिशव्या असलेल्या खऱ्या गोफरांपुरती आहे.

या पिशव्या तोंडाच्या आत नसतात. गालांवर बाहेरून उघडणाऱ्या, आतून केसांचे अस्तर असलेल्या या पिशव्यांत गोफर मुळांचे, देठांचे तुकडे कोंबतो आणि कोठीत नेऊन पुढच्या पंजांनी रिकाम्या करतो. सदऱ्याचा खिसा झटकावा तशा त्या उलट्याही होतात. ओठ पटाशीच्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी माती उकरतानाही ती तोंडात जात नाही. खणताना हे दात झपाट्याने झिजतात, पण कॅलिफोर्नियातल्या बोटा गोफरचे खालचे दात दिवसाला जवळजवळ १ मिमी वाढू शकतात. अरुंद बोगद्यात उलटे पळताना स्पर्शाला संवेदनशील असलेली शेपटी वाट दाखवते.

खाण्यासाठीचे बोगदे साधारण १५ ते ३० सेंमी खोल, घरटे आणि कोठी कधी दोन मीटरांच्या आसपास. एका बिळात एकच गोफर. विणीचा काळ सोडला तर दुसऱ्याला तो आत टिकू देत नाही. बाहेर काढलेल्या मातीचा ढीग घोड्याच्या नालासारखा पसरतो आणि तोंड बंद करणारा मातीचा बोळा एका कडेला दिसतो. मोल या कीटकभक्षी प्राण्याचा ढीग गोल, म्हणून शेतकरी दोघांची खूण चुकत नाहीत. गोफर शीतनिद्रा घेत नाही. हिवाळ्यात तो बर्फातही बोगदे काढतो आणि त्यांत माती भरून ठेवतो. वसंतात बर्फ वितळले की त्या मातीचे जाड दोर गवतावर वेटोळी घालून पडलेले दिसतात.

एवढी खणणी महागात पडते. डेव्हिड व्लेक यांनी १९७९ मध्ये बोटा गोफरवर केलेल्या मापनानुसार, जमिनीवर चालायला लागते त्याच्या ३६० ते ३,४०० पट ऊर्जा तेवढेच अंतर खणायला लागते. फरक मातीच्या जातीप्रमाणे पडतो. फ्लॉरिडातल्या फ्रान्सिस पुट्झ आणि व्हेरोनिका सेल्डन यांनी २०२२ मध्ये मांडले की, बोगद्यात वाढून आलेली मुळे खुडून गोफर या खर्चाचा काही भाग भरून काढतो. त्यांनी याला शेती म्हटले. पेरणी नाही, निंदणी नाही, तर शेती कसली, असा आक्षेप आहे.

गर्भकाळ बोटा गोफरमध्ये सुमारे १९ दिवस.

मातीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीवरचा आहे. १८ मे १९८० रोजी सकाळी ८.३२ ला तो फुटला, तेव्हा बिळांत असलेले कित्येक गोफर वाचले आणि राखेखालची जुनी माती वर आणू लागले. त्या मातीत बिया होत्या, मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी होती. १९८३ मध्ये मायकेल ॲलन आणि जेम्स मॅकमेहन यांनी प्यूमिस या ज्वालामुखी दगडाने झाकलेल्या ओसाड तुकड्यांवर कुंपण घालून गोफर सोडले, तेही एका दिवसापुरते. तिथे तेव्हा जेमतेम डझनभर रोपे होती. सहा वर्षांनी सुमारे ४०,००० झाली. त्या एका दिवसाच्या उकराउकरीचा ठसा मातीतल्या सूक्ष्मजीवांवर चार दशकांनंतरही सापडल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. याच राज्यातली मिमा टेकाडे गोफरांनीच रचली, हे डालक्वेस्ट आणि शेफर यांचे १९४२ चे मत मात्र सर्वमान्य नाही.

शेतकऱ्याला तो शत्रूच वाटतो, आणि लसूणघासाची मुळे किंवा ठिबकच्या नळ्या कुरतडलेल्या पाहिल्या की त्याचा राग समजतो. मिनेसोटातल्या व्हायोला गावी १८७४ पासून गोफर मोजणीचा मेळा भरतो. पुढच्या पायांची जोडी दाखवली की बक्षिसाची रक्कम मिळते. कॅलिफोर्नियातले काही द्राक्षबागायतदार गोफर खाणाऱ्या गव्हाणी घुबडांसाठी खोकी बसवतात.

सगळ्याच जाती मुबलक नाहीत. वॉशिंग्टनमधल्या मझामा गोफरच्या चार उपजातींना २०१४ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले. त्यानंतर तिथल्या थर्स्टन काउंटीत बांधकामाची परवानगी देण्याआधी जागेवर नालाच्या आकाराचे ढीग आहेत का, याची पाहणी होऊ लागली.