गुडघा उडत नाही

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवारनगरात लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती अजून आहेत. अशा जिन्यावर हा आजार कसा उघडा पडेल, ते उलटे तास मोजत मांडतो आहे. रुग्ण कुणी एक नाही. आजार खराच: 2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात उफाळलेला गुइलेन बॅरे, म्हणजे जीबीएस.

72 तास आधी, सकाळी 8. तळपायांना मुंग्या. दहा दिवसांपूर्वीचे जुलाब आता कुणाच्या लक्षातही नाहीत. ते जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या आवरणातला एक अंश आपल्या नसांवरच्या घटकासारखा असतो. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडे आता नसांवर उलटली आहेत.

60 तास. कठड्याला धरून जिना.

48 तास. दवाखाना. रक्त नॉर्मल. 'अशक्तपणा आहे, बी-12 घ्या.' अशा रुग्णाला हातोडी न लावता घरी पाठवतात, याचा मला संताप येतो. गुडघ्याच्या वाटीखाली ठोका पडला की मांडीचा स्नायू ताणला जातो. संदेश नसेतून मज्जारज्जूपर्यंत जाऊन मेंदूला न विचारताच परततो, पाय उडतो. नस बिघडली की हा फेरा तुटतो. 1916मध्ये गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत हेच नोंदवले होते: हरपलेले रिफ्लेक्स, आणि पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढूनही पेशी न वाढणे. पहिल्या आठवड्यात पाठीचे पाणी आणि नर्व्ह कंडक्शन, या दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. काहींचे रिफ्लेक्सही सुरुवातीला शाबूत असतात, म्हणून संध्याकाळी पुन्हा तपासायचे.

24 तास. उठताच येत नाही. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणले. पूर्व द्रुतगती मार्गाने शीवचे रुग्णालय. गुडघा, घोटा, कोपर: कुठेच काही उडत नाही.

12 तास, रात्री 8. इम्युनोग्लोब्युलिन सुरू: वजनाच्या दर किलोमागे रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. ते लगेच काम करत नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावले. सकाळी 30पर्यंत गेले होते, आता 14. बोटावरचा ऑक्सिमीटर 98 दाखवतो आहे. त्यावर विसंबणे घातक, कारण छातीचे स्नायू थकत चालले तरी तो आकडा उशिरापर्यंत टिकतो.

2 तास. गिळताना ठसका, आवाज नाकातून. नाडी मध्येच धावते, मध्येच मंदावते.

0, सकाळी 8. घशात नळी, व्हेंटिलेटर. जीबीएसच्या साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकावर ही वेळ येते. बहुतेक जण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात. कित्येकांचा गुडघा त्यानंतरही उडत नाही.