एका पायावर

वर्गात बडबड करणाऱ्या मुलांना मी एका पायावर उभं करत असे. तीस वर्षं इतिहास शिकवला, तेवढीच वर्षं ही शिक्षाही दिली. आता पंचाहत्तरीत रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून मी स्वतःच तशी उभी असते. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना हसायला पूर्ण मुभा आहे!

सुरुवात आक्कापासून झाली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. २०१९ च्या पावसाळ्यात मोरीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण पुन्हा पडण्याची भीती अशी काही बसली की ती पलंगावरून उठेचना. सात महिन्यांत गेली. 'वय झालं की माणसं पडायचीच' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. ते खरं नाही हे पुढे वाचनात आलं, तेव्हा जुन्या सवयीनं पहिला प्रश्न हाच पडला, की हे कुणाला आणि कधी कळलं?

जुना धागा सापडला बर्लिनमध्ये. १८४० च्या दशकात मोरित्झ रोमबर्ग या डॉक्टरनं मज्जासंस्थेच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. मज्जारज्जूच्या एका विकारात रोगी डोळे उघडे असताना ठीक उभा राहतो, पण डोळे मिटायला सांगितले की डोलू लागतो, हे त्यात नोंदलेलं आहे. तोल सांभाळतात तिघं मिळून: डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांतून, सांध्यांतून येणारी जाणीव. एक थकला की बाकीचे दोघं भार उचलतात. म्हातारपणी तिघंही थकतात. गाऊन डोक्यावरून घालताना मी भिंतीला का टेकते, ते तेव्हा उमगलं.

तोल तपासता येतो हे कळलं, पण तो शिकवताही येतो याचा भक्कम पुरावा यायला दीडशे वर्षं लागली. १९९६ साली अमेरिकेतल्या अटलांटा इथला प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढची २०० माणसं. काहींना ताई ची हा संथ चिनी व्यायाम १५ आठवडे शिकवला, तर काहींना संगणकाला जोडलेल्या फळीवर तोल सांभाळायला. ताई चीवाल्यांचा वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ निम्म्यानं घटला. यंत्रावाल्यांना तसा लाभ दिसला नाही. (मला याचा थोडा आनंद झाला, कबूल करते.)

माझा आवडता प्रयोग मात्र न्यूझीलंडमधला, ओटागो विद्यापीठाचा, १९९७ चा. २३३ बायका, सगळ्या ऐंशीच्या पुढच्या. निम्म्यांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत फिजिओथेरपिस्ट चार वेळा गेली. घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय उचलणं, टाचेला अंगठा लावून चालणं, खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास. आधी आधार धरून, मग हात सोडून. उरलेल्या निम्म्यांकडेही कुणीतरी जात होतं, पण नुसत्या गप्पा मारायला! वर्षभरात गप्पावाल्या १५२ वेळा पडल्या, व्यायामवाल्या ८८ वेळा.

पुढे असे शंभरावर प्रयोग झाले. ते सगळे एकत्र पाहून काढलेला निष्कर्ष असा, की व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. तो आढावा प्रसिद्ध झाला जानेवारी २०१९ मध्ये. आक्का पडली त्याच वर्षी, पाच-सहा महिने आधी.

असो. आक्काला खाली पाटावर बसून हात न टेकता उठता येत असे, अगदी सत्तरीपर्यंत. मग गुडघे दुखतात म्हणून डायनिंग टेबल आलं. आग्रह माझाच होता.

तुमच्यापैकी कुणी सुरू करणार असेल तर चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, आणि मागे खुर्ची असू द्या. काल माझे डाव्या पायावर अकरा आकडे झाले. उजवा अजून सातावरच अडतो.