अपघातग्रस्ताला मदत करताय? तुमचे हक्क जाणून घ्या

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग असो वा गावाकडचा रस्ता, पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने जखमीला तसेच सोडून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचे कलम 134-ए (2019 ची दुरुस्ती) मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

• प्रथम 112 वर फोन करा.
• नाव, पत्ता सांगण्याची सक्ती नाही.
• साक्षीदार व्हायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा.
• रुग्णालय तुमच्याकडून दाखल करण्याचा खर्च मागू शकत नाही.
• सद्हेतूने तातडीची मदत करताना चूक होऊन जखमी दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.

राह-वीर योजना: गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवून जीव वाचवणाऱ्यास 25,000 रुपये बक्षीस (2025 पूर्वी 5,000).