अनोळखी हत्यारांची ओळख : घड्याळजीची पेटी एक इतिहाससाधन

कालमापनाच्या इतिहासाचे लेखन बहुधा घड्याळांभोवती फिरते. ती चालती ठेवणाऱ्या हत्यारांकडे अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्याचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते. १८६४ साली सुरतेकडून येणारा लोहमार्ग डहाणूवरून मुंबईस जाऊन भिडला आणि घटिका-प्रहरांच्या मुलखात मिनिटांचा हिशेब शिरला. घड्याळ आले तेथे त्याची दुरुस्तीही ओघाने आली. परंतु घड्याळजी सहसा दप्तर ठेवीत नसतो; त्याचे दप्तर म्हणजे त्याची पेटी. ती वाचावयाची कशी, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या वाचनाची कसोटी आपल्या परंपरेतच सापडते. लग्नमुहूर्तासाठी वापरले जाणारे घटिकापात्र अनभिज्ञास बुडाला भोक पडलेली वाटी वाटेल. पूर्वीच्या ज्योतिर्ग्रंथांनी त्याचे वजन व उंची ठरवून दिली होती. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) हा आग्रह बाजूस सारला. पात्र अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने ६० घटिकांस भागावे, म्हणजे त्याचे माप कळते, असे त्यांचे सांगणे. तात्पर्य, साधनाची ओळख आकारावरून नव्हे, तर कार्यावरून पटते.

हीच कसोटी घड्याळजीच्या पेटीस लावून पाहू. आठच्या आकड्यासारखा एक पितळी चिमटा असतो. त्याच्या एका बाजूस बारीक जबडा व दुसऱ्या बाजूस अंशांकित पट्टी. दागिने घडविण्याचे हत्यार म्हणून त्याची नोंद होणे सहज शक्य आहे. परंतु पट्टीवरील अंश मिलिमीटरशी जुळत नाहीत. एक अंश सुमारे ०.१८८ मिलिमीटरचा, म्हणजे ‘लिन्य’ (२.२५६ मिलिमीटर) या जुन्या फ्रेंच मापाचा बारावा भाग भरतो. घड्याळाच्या यंत्राचा आकार याच मापाने सांगण्याचा प्रघात असल्यामुळे हे घड्याळजीचे जाडीमापक ठरते.

दोन समांतर पोलादी धारांचे छोटे उपकरण तराजूचा तुटका भाग वाटते. वस्तुतः त्या धारांवर तोलचक्राचा आस आडवा ठेवीत. चक्राची जड बाजू आपोआप खाली येई व तेथील धातू किंचित काढून तोल साधला जाई. बिजागरीने जोडलेल्या दोन चौकटी व अणकुचीदार दांड्या असलेले तिसरे साधन कंपासासारखे दिसते. त्यात दोन दंतचक्रे दातांत दात बसवून फिरवून पाहत आणि नीट जुळलेले अंतर दांड्यांच्या टोकांनी पत्र्यावर आखून घेत.

ही भेदरेषा इतिहासकारास महत्त्वाची आहे. चिमटे, पेचकस व भिंग एवढीच सामग्री असेल तर तयार सुटे भाग बदलणारा कारागीर दिसतो. अंतर आखण्याचे साधन व धनुकलीच्या दोरीने फिरविण्याचे छोटे चरक असतील तर भाग स्वतः घडविणारा कारागीर असण्याचा संभव बळावतो. मात्र केवळ मालकी हा पुरावा नव्हे. झिजलेली टोके व दोरीने पडलेल्या खाचा हा पुरावा होय. जर्मनीतील एस्लिंगेनच्या बोली या कारखान्याचा शिक्का हत्यार कोठे बनले एवढेच सांगतो. ते राबले की नाही हे झीज सांगते.

ही हत्यारे गूढ का झाली? १९६९ साली जपानमध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले. पुढे त्याचा सर्वत्र प्रसार झाला. तोलचक्र गेले आणि त्याचा तोल पाहणारे साधन निरर्थक झाले. हत्याराचे नाव विसरले जाते ते बहुधा अशा वेळी, ज्या भागासाठी ते जन्मले तो भागच वापरातून गेल्यावर.

म्हणून अशी पेटी हाती येताच ती घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. हत्यारांचा मूळ क्रम टिपावा, झीज नोंदवावी आणि वृद्ध कारागिरांकडून त्यांची चालती नावे लिहून घ्यावीत. डहाणू-तलासरीच्या सीमाभागात मराठी व गुजराती शेजारी नांदतात. तेथे एकाच हत्याराची दोन नावे मिळाली तर त्यांतून विद्या कोणत्या वाटेने आली याचाही माग लागू शकेल. पितळेच्या भावाने पेटी मोडीत गेली की हा माग कायमचा पुसला जातो.