नवा लॅपटॉप, जुनी अक्षरे

लेखन-वाचन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना दर पाच-सहा वर्षांनी नवा लॅपटॉप कोणता घ्यावा, हा प्रश्न सोडवावाच लागतो. दुकानदार वजन, मेमरी, बॅटरी आणि किंमत सांगतो. गिऱ्हाईकही तेवढेच विचारते. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र याखेरीज आणखी एक गोष्ट पाहावी, असे आम्हांस वाटते. जुन्या यंत्रात आपण जे लिहून ठेवले, ते नव्या यंत्रात मराठी म्हणून उघडेल काय? याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाही. त्यासाठी दोन इतिहास शेजारी ठेवून वाचावे लागतात: एक मांडीवर मावणाऱ्या संगणकाचा आणि दुसरा संगणकात शिरलेल्या देवनागरीचा. हे दोन प्रवाह जवळजवळ वीस वर्षे निरनिराळ्या पात्रांतून वाहत राहिले, आणि त्या मधल्या काळात लिहिलेले बरेच मराठी आज धोक्यात आहे.

पहिल्या इतिहासाचा आरंभ एका शैक्षणिक स्वप्नात आहे. ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. ते वहीसारखे हातात धरता यावे आणि लहान मुलांनाही वापरता यावे, अशी त्यांची इच्छा होती. ते यंत्र त्या रूपात कधी घडले नाही. बाजारात ज्याला पहिले मोठे यश मिळाले, तो सुवाह्य संगणक म्हणजे १९८१ चा ‘ऑसबोर्न १’. त्याचे कर्ते ॲडम ऑसबोर्न यांचे बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलै येथे गेले. त्यांचे वडील आर्थर ऑसबोर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, आणि आत बॅटरी नाही. म्हणजे ते उचलून नेता येई, पण वाटेत वापरता येत नसे. तरीही लेखकाच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. ‘वर्डस्टार’ हा लेखनाचा प्रोग्राम यंत्राच्या किमतीतच मिळे. पुढे १९८२ मध्ये आलेल्या ‘ग्रिड कंपास’ने पडदा कळफलकावर मिटण्याची रीत आणली आणि आजच्या लॅपटॉपची ठेवण ठरली.

या यंत्रांना देवनागरी येत नव्हती. मराठी टाइपरायटरने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता: अक्षरे फोडून अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या निरनिराळ्या कळांवर बसवल्या आणि डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने छापल्या. त्यामुळे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, असा उलटा प्रवास होई. संगणकाच्या अभ्यासकांनी वेगळा मार्ग धरला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान अक्षराच्या आकाराऐवजी उच्चार साठवत असे. १९८६ च्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकातही हीच दृष्टी आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. वर्णमालेची शिस्त त्यात जशीच्या तशी उतरली आहे. परंतु ‘जिस्ट’चे कार्ड टेबलावरच्या संगणकाच्या पोटात बसवावे लागे. मांडीवरच्या यंत्रात अशा कार्डाला सहसा जागाच नसे.

मग नव्वदच्या दशकात बाजाराने आडवाट शोधली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकारांचे तुकडे बसवलेले फॉन्ट तयार झाले. संगणकाला वाटे की आपण रोमन लिपीच साठवत आहोत. पडद्यावर मात्र मराठी दिसे. यासाठी कार्ड लागत नसे आणि लॅपटॉपवरही काम चाले, म्हणून मुद्रक, संपादक आणि लेखक या सर्वांनी ही सोय आनंदाने स्वीकारली. पण प्रत्येक उत्पादकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या मर्जीने केली होती. फॉन्ट बदलला की कादंबरीच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी उमटे. लेखन त्यातल्या आशयासह एका विशिष्ट फॉन्टच्या ताब्यात गेले होते.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते ‘युनिकोड’मुळे. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या होत्या. सामान्य माणसाच्या यंत्रात त्या पोचल्या २००० साली, ‘विंडोज २०००’ बरोबर. तिच्यासोबत आलेल्या ‘मंगल’ या फॉन्टचे आरेखन मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे होते, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तरीही २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’त देवनागरीची सोय वेगळी सुरू करावी लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. मराठीला हवा असलेला स्वतंत्र ‘ॲ’ तर युनिकोडात २००८ मध्ये आला. छापखान्यांत ‘इनडिझाइन’ला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या आवृत्तीपासून.

परिणामी लेखकाने युनिकोडात लिहावे आणि छापखान्याने ते जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करावे, अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ चालली. अशा रूपांतरात ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची गल्लत होण्यास वाव असतो. आता ‘आचाऱ्यास’ बोलावणे आणि ‘आचार्यास’ बोलावणे यांतला फरक मराठी माणसाला सांगायला नको. पाठचिकित्सा करणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला मात्र लेखकाचा मूळ पाठ कोणता आणि यंत्राने केलेला पाठभेद कोणता, हे ठरवणे जड जाईल.

पेशवे दफ्तरातील मोडी कागदांची आठवण येथे होते. ते कागद टिकले आहेत, अक्षर शाबूत आहे, उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. आणि मोडी शिकता तरी येते. जुन्या फॉन्टमधील फाइल वाचण्यास मात्र तो फॉन्ट किंवा त्याची मांडणी जाणणारा प्रोग्रामच लागतो. त्यातून ती फ्लॉपीवर किंवा सीडीवर असेल, तर आजच्या बहुतेक लॅपटॉपांत त्यांना शिरायला खाचही नसते.

तेव्हा रोजच्या कामासाठी लॅपटॉप घेणाऱ्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला आमचे सांगणे एवढेच. यंत्र कोणतेही घ्या. आज विकला जाणारा साधा लॅपटॉपही मराठी लेखनास पुरून उरतो. भारतात मिळणाऱ्या कळफलकांवर ₹ हे चिन्ह दिसते आणि देवनागरी अक्षरे बहुधा दिसत नाहीत, पण इनस्क्रिप्ट आत असतेच. ते सुरू करून काही दिवस हाताला वळण लावावे. जुने यंत्र मात्र लगेच मोडीत काढू नये. ते चालू आहे तोवर त्यातील प्रत्येक मराठी फाइल उघडावी, युनिकोडात आणावी, छापील प्रतीशी ताडून पाहावी, आणि मूळ फाइलही तिच्या फॉन्टसह जपून ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा कोणी ते आपल्यासाठी करणार नाही. नव्वदच्या दशकातील किती कथा, किती व्याख्याने आणि किती अप्रकाशित प्रबंध पुढच्या पिढीला वाचता येतील, हे घरोघरच्या कपाटांत पडलेल्या जुन्या यंत्रांचे आपण काय करतो, यावर बरेचसे ठरणार आहे.