सरकलेली सीमा आणि एका मुलाची दोन नावे

२ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सासच्या बाजूला रिओ ग्रान्दे नदी ही सीमा ठरली. तिथली माणसे मात्र जागची हललीही नव्हती. तहाने त्यांना एक वर्षाची मुदत दिली: मेक्सिकोचे नागरिक राहायचे असेल तर तसे सांगा, नाहीतर तुम्ही अमेरिकन. कागदावर प्रश्न मिटला. पण पुढे कित्येकांच्या जमिनी गेल्या आणि आपल्याच गावात ते परके ठरले.

या लोकांच्या वारसांनी आणि नंतर मेक्सिकोतून आलेल्यांनी १९६० च्या दशकातील चळवळीत 'चिकानो' हे नाव अभिमानाने स्वीकारले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत सीमा नदीवर जितकी दिसते, तितकीच घरात आणि शाळेतही दिसते.

अमेरिको पारेदेस यांचा जन्म १९१५ चा, सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल गावचा. 'जॉर्ज वॉशिंग्टन गोमेझ' ही कादंबरी त्यांनी १९३६ ते १९४० या काळात लिहिली. ती छापून आली १९९० मध्ये. मुलगा मोठा माणूस व्हावा म्हणून आईवडील त्याला अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे नाव देतात. आजीला 'वॉशिंग्टन' म्हणता येत नाही, ती म्हणते 'ग्वालिन्तो'. तेच घरचे नाव होते. पुढे टेक्सास रेंजर्स बापाला ठार मारतात. मुलाच्या मनात द्वेष नको, म्हणून हे त्याला सांगू नका, ही बापाची अखेरची इच्छा. मामा फेलिसियानो ते वचन पाळतो. घर गप्प राहते आणि शाळा मात्र टेक्सासचा विजेत्यांनी लिहिलेला इतिहास शिकवते.

हा हुशार मुलगा शिकून परत येतो, तो अमेरिकी लष्कराचा गुप्तहेर अधिकारी होऊन, आपल्याच माणसांवर नजर ठेवायला. 'ग्वालिन्तो' त्याने नावातून काढून टाकलेला असतो. स्वप्नात मात्र तो अजूनही टेक्सासची लढाई मेक्सिकोला जिंकून देत असतो.

तोमास रिवेरा (१९३५–१९८४) हंगामी शेतमजुरांच्या घरात वाढले. १९७१ साली आलेल्या त्यांच्या स्पॅनिश कादंबरीच्या नावाचा अर्थ 'आणि धरतीने त्याला गिळले नाही'. तिच्यातल्या मुख्य मुलाला नावच नाही. एका प्रसंगात रानात राबणारे एक तहानलेले पोर गुरांच्या टाकीतले पाणी प्यायला जाते. मालक भीती घालायला गोळी झाडतो आणि पोर मरते. १८४८ च्या कागदाने नागरिकत्व दिले, पण त्या घोटभर पाण्यावरचा हक्क शंभर वर्षांनंतरही पोहोचला नव्हता.

शिक्षक म्हणून मला ग्वालिन्तोचा मामा विसरता येत नाही. त्याने सत्य लपवले ते मायेपोटी. पण घराने जी जागा मोकळी सोडली, ती शाळेने भरली. मुलांना आपला इतिहास द्वेषाशिवाय सांगता येतो. तो घरीच सांगितला नाही, तर मूल आपल्याच माणसांकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते.