कल्याण बंदर आणि द्राक्षमद्य : एक स्थलनिर्णय

कल्याण हें प्राचीन बंदर होतें व तेथें रोमन लोकांचें द्राक्षमद्य उतरत असे, हीं दोन विधानें पुष्कळदां एका दमांत केलीं जातात. पैकीं पहिलें निर्विवाद आहे. दुसऱ्यास आधार कोणता, एवढेंच प्रस्तुत लेखांत पहावयाचें आहे.

दुसऱ्या विधानाचें मूळ इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत आहे. त्याच्या ४९ व्या कलमांत आयात मालाची याद दिली असून तींत मद्यास अग्रस्थान आहे. हें मद्य मुख्यत्वें इटलीचें, शिवाय लाओदिकेयाचें व अरबस्तानचें. त्याच कलमांत राजाकरितां आणावयाच्या जिनसा निराळ्या सांगितल्या आहेत. त्यांत रुप्याचीं भांडीं, उंची वस्त्रें व उत्तम मद्य हीं येतात. म्हणजे बाजारांत मद्याची पारख देशाच्या नांवावरून होई. राजाच्या मद्यास मात्र 'उत्तम' एवढेंच विशेषण पुरेसें वाटलें.

परंतु ही याद बारिगाझा, म्हणजे भडोच बंदराची आहे. कल्याणचा उल्लेख पुढें ५२ व्या कलमांत येतो. तेथें ग्रंथकार सांगतो कीं, थोरल्या सरगनसाच्या वेळीं कल्याण ही रीतसर मान्यता असलेली पेठ होती; पण सन्दनेसानें तें ठिकाण घेतल्यापासून व्यापारास अटकाव झाला, व तेथें सहजगत्या आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात. मालाची याद येथें मुळींच नाहीं. सहाव्या शतकांतील कॉस्मस हा कल्याणची मोठी पेठ म्हणून गणना करतो. तो तांबें, शिसवी लांकूड व कापड यांचीं नांवें घेतो, मद्याचें घेत नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे दाते भेटतात. त्यांवरून नगराची संपन्नता सिद्ध होते, मद्य सिद्ध होत नाहीं.

मग खापरांचा पुरावा राहतो. पश्चिम हिंदुस्थानांत मिळालेलीं कित्येक खापरें पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभांचीं मानलीं जात. रोबर्टा टॉम्बर या विदुषीनें त्यांची पुनः तपासणी करून २००७ सालीं दाखविलें कीं, त्यांपैकीं बरींचशीं मेसोपोटेमियाकडील कुंभांचीं आहेत. रोमन कुंभास दोन कान असतात. या दुसऱ्या जातीस कान नसून आंतून डांबराचा लेप असतो. अशा कुंभांतूनही मद्य आलें असेल; पण त्यास इटलीचें म्हणतां येणार नाहीं.

एका ठिकाणची कीर्ति शेजारच्या ठिकाणास कशी चिकटते, याचें उदाहरण मद्याच्याच इतिहासांतून घेतां येईल. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत जेव्हरे नांवाचें गांव आहे. त्याच्या हद्दींत शांबेर्तॅं हा जुना नामांकित द्राक्षमळा. १८४७ सालीं गांवानें त्या मळ्याचें नांव आपल्या नांवास जोडून घेतलें, व गांव जेव्हरे-शांबेर्तॅं झालें. पुढें १९३६-३७ सालीं सरकारनें या नांवांच्या सीमा कायद्यानें ठरविल्या. तेव्हांपासून केवळ 'शांबेर्तॅं' म्हणजे त्या मळ्याचें, व जोडनांवाचें तें गांवच्या इतर रानांचें तांबडें मद्य. दोन्हीं पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षांचीं. जाणता मनुष्य आधीं रंग पाहतो, मग वास घेतो, मग घोट जिभेवर घोळवितो. आणि गांवच्या मद्यांत मळ्याचें गांभीर्य न शोधतां त्याचा स्वतःचा फळाचा वास व मातीचा गुण ओळखून संतोष मानतो. गांवच्या मद्याचा त्यांत कमीपणा नाहीं. तें आपल्या नांवानें ओळखलें जावें एवढीच अपेक्षा आहे.

कल्याणपुरतें हेंच म्हणावयाचें आहे. भडोचेचें मद्य कल्याणच्या नांवावर घातल्यानें कल्याणची थोरवी वाढत नाहीं. उलट आपल्या प्रांताचा जो खरा पुरावा आहे त्याकडे दुर्लक्ष होतें. तो पुरावा ठाण्याचा आहे. १३२१ सालीं ठाण्यास चार ख्रिस्ती साधु मारले गेले. त्यानंतर लौकरच ओडोरिक हा इटालियन साधु तेथें आला. ठाण्याच्या वर्णनांतच तो लिहितो कीं, या देशांत मद्य देणारे वृक्ष असून तें मद्य फार मादक असतें. त्याच सुमारास ठाण्यास राहिलेला जोर्डानुस 'तारि' नामक वृक्षाच्या पांढऱ्या, बारमास निघणाऱ्या व पिण्यास गोड लागणाऱ्या रसाचें वर्णन करतो. हा शब्द आपल्या ताडाचा व ताडीचाच होय, हें सांगावयास नको. मात्र जोर्डानुसचें वर्णन एकट्या ठाण्याचें नसून सर्व देशाचें आहे. म्हणून ओडोरिकची साक्ष अधिक नेमकी समजावी. द्राक्षांच्या देशांतून आलेल्या दोघां परकीयांनीं या किनाऱ्याच्या पेयाची दखल घ्यावी, व एकानें तर चवही नोंदवावी, ही गोष्ट उसन्या रोमन कुंभाहून मोलाची आहे.

ज्यांच्या संग्रहीं ठाणें-कल्याण भागांतील जुनीं खापरें असतील, त्यांनीं प्रत्येकावर सांपडल्याचें ठिकाण लिहून ठेवावें, कानाचा किंवा डांबराचा अवशेष पहावा, व खापर घासून धुण्यापूर्वी आंतील लेप जपावा. उद्यां एखादें खापर कल्याणच्याच मातींत इटलीच्या कुंभाचें म्हणून निश्चित झालें, तर वरील निर्णय आनंदानें बदलतां येईल. तोंपर्यंत भडोचेचें मद्य भडोचेसच असूं द्यावें.